आवाजाच्या फाइलचं बोलावणं

आमच्या लॅपटॉपमधली आवाजाची फाइल माझ्या मुलीच्या बारशाला यायला तयार नव्हती, कारण तिला बोलावणं नीट गेलं नव्हतं.

ही फाइल सामायिक आहे; लॅपटॉपमधून आवाज बाहेर काढायचं काम तिचं. गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, व्हिडिओ कॉल, माझ्या बायकोचा इंटरनेट रेडिओ, सगळे तिच्या जिवावर बोलतात. आता मी पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमलाही तीच हवी होती, आणि काम मोठं नाजूक होतं. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या बहिणीचा, वृषालीताईचा, आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये कायमचा गेलाय. ऑपरेशनच्या आधी तिनं पाककृती, बातम्या, मला दिलेल्या शिव्या, जे सुचेल ते फोनमध्ये बोलून ठेवलं होतं. त्यातली अक्षरं जोडून प्रोग्रॅम तिच्याच आवाजात नाव सांगणार होता.

पाळणा सजला, बायका जमल्या, मी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर आलं: 'फाइल उघडता येत नाही. अशी कोणतीही फाइल इथे नाही.'

फाइल तिथेच होती, फोल्डरमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर. मी पायथनला तिचा पूर्ण पत्ता दिला. तो जाऊन आला आणि तेच म्हणाला. फाइल काढून पुन्हा बसवली, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी उत्तर तेच. इचलकरंजीची चुलतबहीण पुष्पा पदर खोचत म्हणाली, "मी करते की कुर्र. मीपण आत्याच आहे."

ताई हसली, मान डोलावली आणि पाळण्यापासून मागे सरली. मला ते बघवेना.

आईनं चष्मा लावून पडदा वाचला. "घरी नाही म्हणून आतूनच सांगतेय," ती म्हणाली. "तुझी थोरली काकू आली की मीपण असंच सांगायचे. हिला बोलवायला कोण गेलं होतं?"

"पायथन."

"म्हणजे मधला माणूस! घरचं कार्य आणि निरोप धाडतोस होय रे?"

आईनं साडी सारखी केली, कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन लॅपटॉपसमोर बसली. "अहो, राग मानू नका. पोराला रीत कळत नाही. नातीचं बारसं आहे, तुम्ही यायलाच हवं."

पडद्यावर ओळ उमटली: 'सगळ्यांना कामापुरतीच आठवण होते.'

"खरं आहे," आई म्हणाली. "चुकलंच आमचं."

बायका पडद्याभोवती गोळा झाल्या.

'माझ्या जावेला बोलावलंय का? तिच्याशिवाय मी कुठे जात नाही.'

जाऊ म्हणजे आवाजाचा वेग जुळवणारी फाइल. कोण वापरतंय, उगाच जागा अडवते, असं म्हणून मीच ती पुसून टाकली होती. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट ती परत आणून बसवली. आईनं तिच्याही नावानं अक्षता ठेवल्या. त्यावर जावेनं विचारलं, 'नवी आवृत्ती येणार असेल तर आत्ताच सांगा. तिचं आणि आमचं जमत नाही.'

"तिला नाही हो बोलावलं," आई म्हणाली. मी लगेच लॅपटॉपमध्ये आधीच येऊन पडलेली नवी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली.

प्रोग्रॅम चालू झाला. ताईनं लॅपटॉप पाळण्यापाशी घेतला आणि वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्र... रेवती," ताईचा आवाज म्हणाला. "कुर्र... रेवती."

बाळानं ताईकडेच पाहिलं. ताईचा हात गळ्यावर गेला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. ताई हसत, रडत वाकलेलीच राहिली.

"अगं, त्या दोघी जावांनाही घाला," आई म्हणाली. "त्यापण आज आत्याच आहेत."

पुष्पा पुढे झाली. तिनं लॅपटॉपच्या पाठीत हलक्या हातानं दोन धपाटे घातले, एक थोरलीला, एक धाकटीला. मग काळजीनं वाकून तिनं पडद्याला विचारलं, "लागलं नाही ना हो?"

'लागलं,' पडद्यावर आलं. 'अजून एकेक घाला.'