तळ्याच्या रस्त्याचं गौडबंगाल

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून तपासनीसांनी अजून चष्माही पुसला नव्हता, तोच बायकोने बोट ठेवलं.

"हा. तळ्याच्या काठाने जाणारा. आपण याच रस्त्याने जायचं."

डोंगरातल्या विश्रामगृहाकडे तीन रस्ते जात होते आणि बोट नेमकं सगळ्यांत लांबच्या रस्त्यावर होतं. चाळीस किलोमीटर जास्त! कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही जी बाई कुंपणातून आडवी घुसते, तिला एकाएकी वळसा घालायची हौस कुठून आली?

"जुना घाट काय वाईट आहे?" तपासनीसांनी सहज विचारल्यासारखं केलं. "सातव्या वळणावर दुधाचा टँकर खाली गेला, तेवढं सोडलं तर उत्तम. नाहीतर बोगदा घेऊ. तिथे फक्त तीन गाड्या एकमेकींवर..."

"तळ्याचा," असं म्हणून तिने नकाशाची घडी घातली.

बावीस वर्षं तपासनीस विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासत होते. गाडी उलटली की उलटवली, हे ते नुसत्या काचांच्या तुकड्यांवरून सांगत. फार चटकन आलेलं उत्तर आधीच ठरवलेलं असतं, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

संध्याकाळी बायको गॅलरीत हळू आवाजात फोनवर बोलत होती. "हो, तळ्याचाच ठरला. तुमची खात्री आहे ना? आणि यांना अजिबात कळता कामा नये हं." तपासनीस दाराआड कुंडीला पाणी घालत उभे राहिले. कुंडीतली फुलं प्लास्टिकची होती, हे त्यांच्या लक्षात आलं तोवर पाणी सतरंजीपर्यंत पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी फायली सांभाळणाऱ्या जुन्या कारकुनाला सहज विचारलं, "तळ्याच्या रस्त्याबद्दल काही माहिती आहे का हो?"

कारकुनाच्या हातातला शिक्का खाली पडला. "काही नाही साहेब! मी कोणालाही काही सांगितलं नाही. आईशप्पथ!"

न मागता शपथ! म्हणजे हाही सामील. तपासनीस जागेवर येऊन बसले, पण त्या दिवशी एकही दावा त्यांच्या डोक्यात शिरला नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. बायकोने त्यांच्यापासून वाढदिवसाचा शर्टसुद्धा कधी लपवला नव्हता. आता ती काहीतरी लपवत होती, आणि ते त्यांना फार लागलं. शेवटी त्यांनी तिच्याच रस्त्याने जायचं ठरवलं. काय ते तिथेच रंगेहाथ पकडू.

प्रवासात पहिल्या चहाच्या टपरीवर बायको हात धुवायला गेली, तशी त्यांनी डिकी उघडून तिची बॅग तपासली. दोन स्वेटर, त्यांच्याच पित्ताच्या गोळ्या, त्यांचाच मफलर आणि पायजमा. संशय घ्यावा असं काहीच नाही, आणि तेच त्यांना जास्त संशयास्पद वाटलं. ती येताना दिसली तशी बॅग उघडीच टाकून त्यांनी डिकीचं झाकण खाली ढकललं आणि घाईघाईने स्टिअरिंग गाठलं.

पुढे एका सायकलवाल्याने दोन्ही हात हलवले.

"ओळखीचा?" तपासनीसांनी विचारलं.

"मला वाटलं तुमच्या. अहो, तळं बघा ना!"

मग रस्त्यावर खडी टाकणाऱ्या दोघांनी ओरडून हात केले. मग एका शेळीवालीने. या अनोळखी मुलखात बायकोच्या इतक्या ओळखी! मधला आरसा तपासनीसांनी केव्हाच तिच्या चेहऱ्याकडे वळवून ठेवला होता, त्यामुळे मागचं काही दिसायची सोयच नव्हती. एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत मागे लागला, तेव्हा त्यांनी वेग वाढवला.

शेवटी तो पुढे घुसून आडवा झाला. त्याच्या हातात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता.

"काका, हा तुमचा का? डिकी सताड उघडी आहे. टपरीपासून कपडे सांडत आलायत तुम्ही!"

गाडी कडेला लावून नवराबायको चालत मागे निघाले. एका झुडपावर स्वेटर होता. मफलर शेळीवालीने जपून ठेवला होता. शेळीने तो थोडासाच खाल्ला होता.

"डिकी कोणी उघडली होती?" बायकोने विचारलं.

दावेदारांच्या तोंडून असं ततपप त्यांनी बरंच ऐकलं होतं. आज ते स्वतःच्या तोंडून आलं. शेवटी गॅलरी, कारकून, बॅग, सगळं त्यांनी कबूल केलं. सांगता सांगता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको कठड्यावर बसली. "एकवीस वर्षं तुमच्याबरोबर हिंडतेय. प्रत्येक वळणावर तुम्ही सांगता, इथे बस गेली, इथे ट्रक गेला, इथे चौघं गेले. मी डोळे घट्ट मिटून बसते. एक डोंगर धड पाहिला नाही मी. म्हणून तुमच्या कारकुनाला विचारलं, की भाऊजी, ज्याची एकही फाईल नाही असा एखादा रस्ता आहे का हो? ऑफिसातली माहिती बाहेर दिली म्हणून तुम्ही रागवाल, या धास्तीने बिचाऱ्याची झोप उडालीय."

तपासनीसांनी स्वेटरला चिकटलेली कुसळं एकेक करून काढली. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"चावी द्या," ती म्हणाली. "गाडी मी चालवते. तुम्ही बाहेर बघा."

एकवीस वर्षांत पहिल्यांदाच ते डावीकडच्या सीटवर बसले. बायकोने आधी आरसा सरळ केला आणि मगच गाडी सुरू केली. वळणावर झाडं बाजूला झाली आणि खाली तळं दिसलं. निळंशार. तळं इतकं निळं असण्यामागे काय कारण असावं, अशी एक शंका तपासनीसांना आलीच. पण बायको गुणगुणत होती, म्हणून ते गप्प राहिले.