सखारामचा ऐकण्याचा सराव

कडाव-कर्जत रिक्षा चालवणारा सखाराम दुःखी माणसांना आधार कसा द्यायचा, ते शिकायला दोन दिवसांच्या शिबिराला गेला. पहिल्याच संध्याकाळी घरी येऊन त्याने जाहीर केलं, "येसू, आता अख्ख्या तालुक्यात कुनी रडायचं नाय! मी हाय!"

शिकवणाऱ्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं की समोरच्याचं ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला तर मुळीच नाही. सखारामला हे म्हणजे हॉर्न न वाजवता बाजारातून रिक्षा काढण्यासारखं! उद्या सगळ्यांसमोर करून दाखवायचं होतं. म्हणून त्याने बायकोला ओट्यावर बसवलं.

"तू दुःखी बाई हो. मी ऐकतो."

"काय बोलू?"

"काय पन बोल! खोटंच तर हाय!"

येसूबाईने पदर आवरला. "मेघा लग्न होऊन शेलूला गेली, तवापासनं घर खायला उठतं. भाकर उतरत नाय."

"थांब, थांब! लेकीचं नाव नको, घरचं वाटतं. आनि भाकरीपेक्षा झोप उडली असं बोल."

"झोप पन नाय येत."

"वा! आता जरा रड!"

येसूबाई रडली. अशी रडली की सखारामने खूश होऊन टाळ्याच पिटल्या! "जरा कमी कर गं, खोटं वाटतंय!"

कुंपणापलीकडून शेजारची शकू धावत आली. "भावजी, ती रडते आन तुमी टाळ्या वाजवता?"

शकूचा आवाज म्हणजे गावचा भोंगा. बघता बघता निम्मी आळी जमली. कोणी पाणी आणलं, एका म्हातारीने तर सखारामच्या तोंडाचा वास घेतला!

"नाटक हाय वो! सांग गं येसू यांना!"

येसूबाई डोळे पुसत म्हणाली, "तुमच्यासाठी असंल."

शकूने माणसं हळूच पांगवली. सखाराम बायकोशेजारी टेकला. ती बोलत राहिली: मेघाची रिकामी खोली, दिवसभराचं मुकं घर, आणि घरी आल्यावर त्याचं ते मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसणं. सल्ला कितीदा ओठांवर आला, त्याने गिळला. नुसता "हुं, हुं" करत राहिला.

शेवटी ती म्हणाली, "बरं वाटलं."

सखारामची छाती फुगली. "म्हंजे जमलं मला!"

"जमलं की. इतके महिने मी म्हशीला सांगते. ती पन असंच हुं करते."

"मग दोघांत चांगलं कोन ऐकतं?"

येसूबाईने विचार केला. बराच वेळ केला.

"म्हस," ती म्हणाली. "पन तुमचा उद्याचा दिवस बाकी हाय ना!"