दोन्ही बाजूंनी पाहणारे तायडे साहेब

तायडे साहेब रस्ता ओलांडण्याआधी उजवीकडे पाहतात, डावीकडे पाहतात, मग पाठ फिरवून पुन्हा तेच करतात. तोवर रिसोडची एसटी निघून गेलेली असते. पाटबंधारे खात्याच्या आमच्या ऑफिसात ते मोजणीचं काम बघतात आणि मी त्यांच्या हाताखाली. एवढा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खुर्चीसुद्धा हलवून बघितल्याशिवाय बसत नाहीत. "एका बाजूनं पायलेलं खरं नसते," हे त्यांचं पालुपद.

कोन मोजायच्या यंत्रावर तर विचारू नका. कोन एकदा वाचला की दुर्बीण उलटवायची, यंत्र अर्धं फिरवायचं आणि तोच कोन पुन्हा वाचायचा. दुर्बिणीचा आडवा कणा कललेला असला तर चूक एकदा डावीकडे जाते, एकदा तेवढीच उजवीकडे. सरासरी काढली की ती उडते. मला हे पाठ आहे, पण कंटाळाही तेवढाच आहे.

गेल्या पावसाळ्यात मानोऱ्याकडच्या एका तलावाची पाळ सरकतेय अशी ओरड झाली. तलाव तुडुंब, आणि पाळीखालीच तांडा. जीपमध्ये आदळत-आपटत आम्ही पोहोचलो. टेकडीवरची खूण आणि पाळीवरचा दगड यांच्यातला कोन मोजायचा होता. साहेबांनी छत्री धरली, मी कोन वाचला. दगड जुन्या नोंदीपेक्षा दोन बोटं हललेला निघाला.

"सरकली," मी बोलून गेलो. जमलेल्या बायका लेकरं उचलून पळत सुटल्या.

"दुर्बीण उलटवली काय?" साहेबांनी विचारलं.

नव्हती उलटवली.

त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि स्वतः दुर्बिणीला डोळा लावला. उलटवून वाचलं तर फरक तेवढाच, पण दुसऱ्या बाजूला. सरासरी जुन्या नोंदीशी जुळली. त्यांनी आठ वेळा मोजलं, आठही वेळा जुळली. पाळ जागच्या जागी होती, जीपच्या धक्क्यांनी यंत्रच बिघडलं होतं.

तांड्याला हे कोण पटवणार? धुरपताबाई, पाळीखालच्या पहिल्याच घरातली म्हातारी, गाठोडं घेऊन समोर आली. "आंधी म्हनता सरकली, आता म्हनता नाई. तुमी रायसान काय माह्या घरात?"

मी जीपकडे पाहिलं, खोटं कशाला सांगू. पाळीकडे बघत साहेब म्हणाले, "रायतो ना. पानी उतरेपर्यंत रायतो."

मी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, चूक माझी आहे. तुम्ही घरी जा."

"घरी कोन हाये वाट पाह्यले? बायको गेली तवापासून माह्या हातानंच कुलूप उघडतो." मग हळूच म्हणाले, "भेव तं लय वाटते रे. पन माप माह्यं हाये."

ते ओसरीवर जाऊन बसले. गुडघे थरथरत होते, ते त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरले. धुरपताबाई बराच वेळ त्या गुडघ्यांकडे बघत राहिली. मग तिने गाठोडं खाली ठेवलं, गाठ सोडली आणि भाकरीसाठी तवा बाहेर काढला.