निंबाची सावली सर झाली त्याची हकीकत

हकीकत ऐसी जे, ज्या साली जळगावचे कापडवाले राजश्री लखीचंद शेट यांची नात पलक इचे लग्न धुळ्यास झाले, आणि वऱ्हाडाची बस पारोळ्याअलीकडे पंक्चर होऊन नवरीकडील मंडळी कांद्याच्या टेम्पोत बसून मांडवी दाखल झाली, त्याच सालचे वैशाखमासी हे युद्ध जाहले. ऊन ऐसे की सकाळी सातास लोखंडी बाकास हात लागेना.

शेटजी आदल्या साली दुकानाचे पायरीवरून पडले आणि हाती काठी आली. मग पलकने मोबाइलात ताई ची म्हणून चीन मुलखीची युद्धविद्या दाखविली, त्यातील यांग घराण्याची. यांग घराण्याचा रिवाज ऐसा की सर्व कारभार सावकाश, एका लयीत, जैसी तुपाची धार तुटू नये. त्यात एकचाबूक म्हणून एक डाव, ज्यात हात लांब करून पाची बोटांची टोके चोचीसारखी जुळवून खाली धरावी. आणि माकड हटाव म्हणून दुसरा, ज्यात पाऊल पाऊल मागे सरत शत्रूस दूर ठेवावे. शेटजी रोज बागेत हा अभ्यास करिते झाले आणि काठी सुटली, आणि घरी कपाटामागे नजरकैदेत पडली. परंतु उन्हात शेटजींस घेरी येई, आणि अवघ्या बागेत सावलीचा निंब एकच. निंब गेला तर अभ्यास गेला, आणि अभ्यास गेला तर काठी कैदेतून सुटून पुन्हा हाती येणार, हे शेटजी मनी जाणून होते आणि कोणास बोलत नव्हते.

तो फैजपूरचे केळीवाले राजश्री नथ्थू आबा, धुळ्यास मुलगा हितेंद्र याजकडे हिवाळा काढून, तेथे चेन घराण्याची ताई ची हस्तगत करून, जळगावचे नव्या घरी राहावयास आले. चेन घराणे जुने आणि तापट. अंग मळसूत्रासारखे पिळावे, हळूच पुढे यावे आणि एकाएकी तडाखा द्यावा, आणि मध्येच मूठ तळहातावर व पाय भुईवर आपटावा, जैसे बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, वांग्याचे भरीत ठेचावे. आबांनी शिष्यांसहित त्याच निंबाखाली, त्याच वेळेस तळ दिला, आणि मग कोपरास कोपर लागू लागले.

आबा फैजपुरी बोलीत, ळ चा य करून, म्हणाले, "शेट, तुम्ही इतक्या हयू हात हालवता, की चोर पाकीट घेऊन घरी जाईन, जेवीन, अन् तुमचा हात वरच राहीन."

शेटजी म्हणाले, "आबा, आमच्यात समोरच्याचा जोर समोरच्यावरच उलटवतात. तुमच्या आपटण्याने फार तर चप्पल तुटेल."

"अन् ते माकड हटाव? माह्या केयीत माकडं येता. तुमचं हटावणं पाहून ते पंगत मांडतीन."

शेटजींचे कुटुंब हीराबाई बाकावर बसून होत्या. त्यांनी फर्मान काढिले की, जी विद्या प्रसंगी कामास येईल तिची सावली, आणि तोवर दोहों पक्षांनी तोंडे बंद ठेवावी.

प्रसंग दुसरेच दिवशी आला. बाजारातील मोकाट सांड, ज्यास लोक साहेब म्हणत कारण रस्त्यात बसला म्हणजे कोणी उठवीत नसे, तो निंबाखाली आसनस्थ जाहला. शेटजींनी त्यास दुरून मुजरा केला आणि पलीकडच्या काठावर, उरल्यासुरल्या सावलीत, डोळे मिटून अभ्यास आरंभिला. आबा मात्र कंबर कसून चालून गेले आणि समोर जाऊन भरीत ठेचले. साहेबांनी एक डोळा उघडला. आबांनी पुन्हा ठेचले. साहेब उठून उभे राहिले, आणि आबा घेतलेला पीळ तैसाच अंगी ठेवून ऐसे धावले की थेट मुलांच्या घसरगुंडीवर चढून तो गड लढविते झाले.

मग खवळलेले साहेब वळले, तो समोर शेटजी, एकचाबूक डावात, हात लांब, पाची बोटे जुळलेली. आता खाशी गोष्ट ऐसी की शेटजींचे घरी पहिली पोळी गुरांची, आणि ती गूळ घालून, गुंडाळून, ऐशाच पाची बोटांत धरून हीराबाई साहेबांस रोज दारी भरवीत. त्या दिवशी सिलिंडर संपल्याने पोळी चुकली होती. साहेबांनी हात ओळखला आणि राग टाकून बोटे हुंगू लागले.

शेटजींनी डोळे उघडिले. पळावे ऐसे मनी आले, परंतु गुडघ्यांस पळणे ठाऊक नव्हते, माकड हटाव तेवढे ठाऊक. मग शेटजी पाऊल पाऊल मागे आणि साहेब पाऊल पाऊल पुढे, ऐसे दोघेही सावली सोडून उन्हात आले. हात खाली आला की साहेब शिंग हलवीत. रिकामा निंब पाहून आबांच्या फौजेने तो बळकाविला. इकडे शेटजींचा चेहरा लाल झाला आणि घेरी येऊ लागली.

हीराबाई म्हणाल्या, "आबा, खाली या. त्यांना ऊन सोसत नाही."

आबांचे मनी आले की निंब तर हाती आला, पण शेट पडला तर टोमणे मारावे कोणास. मग ते घसरगुंडीवरून बसल्या बसल्या खाली उतरले, आणि बाकाखालच्या आपल्या पिशवीतील केळ्यांची फणी काढून, एक केळे पाची बोटांत धरून, हात लांब करून उभे राहिले.

"हयू, आबा, हळू," शेटजी पुटपुटले.

"हयूच करून राह्यलो ना, शेट."

आणि केळ्यामागे साहेब, साहेबांपुढे उलटे चालत आबा, ऐसे माकड हटाव करीत दोघे फाटकाबाहेर गेले. चेनवाल्यांनी शेटजींस उचलून निंबाखाली बसविले आणि पाणी पाजिले.

तह हीराबाईंनी केला तो ऐसा की, सावली दोहों घराण्यांची, पाय आपटणे असल्यास सावलीबाहेर, आणि घसरगुंडीचा विषय आबांसमोर काढू नये. फत्ते यांग घराण्याची, सरदार चेन घराण्याचा, सबब जय दोहोंचा, ऐसे नमूद केले असे.

लखीचंद शेट पुढल्या साली कार्तिकात, ज्ञानपंचमीस वारले. सकाळी बागेतून पायी घरी आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि गेले. काठी कपाटामागेच होती.