बंद गॅरेजमधलं हवामान

गॅरेजच्या दोन जाळ्या चिकटपट्टीने बंद करायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. एक जाळी खाली जमिनीलगत, दुसरी वर छपरालगत. दोन्ही मिळून वहीच्या पानाएवढ्याही नसतील. पण त्यांतून गार वारा आत यायचा, आणि आत माझ्या सासऱ्यांची गाडी उभी होती.

सासरे हिवाळाभर थोरल्या मुलीकडे राहायला गेले होते आणि जाताना गाडी आमच्या हवाली करून गेले होते. गाडी एकतीस वर्षांची, पण अंगावर एक ओरखडा नाही. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "गाडी कशी आहे?" हा पहिला प्रश्न. "मुलगी कशी आहे?" हा दुसरा. (तिसऱ्या प्रश्नाची मी लग्नापासून वाट पाहतोय.)

मी सासऱ्यांना घाबरतो. ते ओरडत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. ओरडणारा माणूस ओरडून मोकळा होतो. आमचे सासरे पस्तीस वर्षं हवामान खात्यात होते, ते नोंद घेतात. लग्नाच्या वर्षी मी त्यांची छत्री हरवली, ती तारीख त्यांना आजही वारासकट पाठ आहे. शिवाय मला 'जावईबापू' म्हणतात, अहोजाहो करतात. त्या 'अहो'ने माझे हातपाय गार पडतात.

तर एका रविवारी त्यांनी विचारलं, "जावईबापू, गॅरेजमध्ये गारठा फार नाही ना?"

"छे छे बाबा! गॅरेज एकदम उबदार आहे," मी म्हणालो. ही शुद्ध थाप होती. आणि मी इतका भित्रा आहे की मारलेली थाप खरी करून दाखवल्याशिवाय मला झोप लागत नाही.

हार्डवेअरच्या दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे काहीतरी विकायला असतंच. "भिंतींना थर्माकोलचे जाड तक्ते लावा साहेब, फटी बुजवून टाका. घरातून उठून तिथे झोपायला जाल!"

मी कचेरीत डिस्पॅचला आहे. बावीस वर्षं पाकिटं चिकटवतोय. उघडं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो. त्यामुळे फटी बुजवण्याचं काम मी असं केलं की गॅरेजचं पाकीट झालं. जाळ्यांवर तर तीन-तीन थर चिकटपट्टी. तक्ते मात्र स्टुलावर उभं राहून हात पोचेल तिथपर्यंतच लावले, कारण त्यापुढे शिडी लागते आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर मला घेरी येते. वरचा पत्रा तसाच उघडा राहिला.

"अहो, ऊब वरच जाते ना? मग छप्पर का सोडलंत?" बायकोने विचारलं.

"आपल्या गॅरेजमधली नाही जाणार," मी म्हणालो.

गॅरेज खरंच उबदार झालं. इतकं की बायकोने गाडीच्या मागे चार दोऱ्या बांधल्या आणि धुतलेले कपडे तिथेच वाळत घालायला सुरुवात केली. बादली मीच उचलून न्यायचो. सगळं कसं छान चाललं होतं.

आठव्या दिवशी कचेरीला निघण्याआधी गाडीवर एक नजर टाकावी म्हणून आत गेलो आणि माझ्या मानेवर काहीतरी पडलं. गार. मी जागच्या जागी थिजलो. मग पुन्हा, टप्. या वेळी गाडीच्या टपावर. दिवा लावून पाहतो तर सगळी गाडी ओलीचिंब! पत्र्याला खालून पाण्याचे थेंबच थेंब लटकलेले, एकापाठोपाठ एक खाली येत होते.

छप्पर गळतंय म्हणावं तर बाहेर पंधरा दिवस कडकडीत ऊन. वर नळ नाही, टाकी नाही. कोरड्या आभाळाखाली आत पाऊस पडत होता. मी बोनेटवरून हात फिरवला, काचा पाहिल्या आणि दाराच्या खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढा तांबूस डाग दिसला. गंज! सगळ्या गॅरेजमध्ये पाणीच पाणी होतं, फक्त माझ्या तोंडचं तेवढं पळालं.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी टॉवेल घेऊन गाडी पुसू लागलो. पुसावी आणि वळून पाहावं तर पुन्हा ओली. मग गाडीवर प्लास्टिकचा मोठा कागद घातला. दोन दिवसांनी उचलून पाहिलं, तर कागदाच्या आतून पाणी ठिबकतंय आणि ड्रायव्हरच्या सीटवर पांढरी लव आली आहे. सासऱ्यांच्या सीटला बुरशी! मी तिथेच खाली बसलो. रविवारी फोन आला.

"गाडी कशी आहे?"

"ता... ताजीतवानी आहे, बाबा."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. त्यांनी नोंद घेतली होती.

मी पुन्हा दुकानदाराकडे धावलो. "ओल आहे ना? मग वाळवा!" असं म्हणून त्याने गॅसवर चालणारा छोटा हीटर माझ्या हातात दिला. शनिवारी दुपारी मी तो गाडीशेजारी पेटवला. ऊब वाया जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं, दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं आणि आग लागू नये म्हणून स्वतः स्टुलावर पहारा देत बसलो. (एकाच माणसाने एवढी अक्कल एका दुपारी वापरू नये.)

थोड्या वेळात धुकं दाटलं. समोरची गाडी दिसेना. ओल कमी व्हायची ती दुप्पट झाली. बघतो तर माझ्या चष्म्यावरून पाणी गळतंय. डोकं जड झालं, कानांत गुंई आवाज येऊ लागला. उठावं असं मनात आलं, पण पाय काही उठायला तयार नव्हते. आणि तेव्हा मात्र मी खरोखर घाबरलो. सासऱ्यांना नव्हे, मरणाला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. कपडे वाळले का ते बघायला बायको आली होती. तिने मला कॉलरला धरून बाहेर ओढलं, हीटर बंद केला आणि मला अंगणात बसवलं.

"बंद खोलीत गॅस जाळून बसता? गाडीपायी जीव देणार होतात का?"

"बाबांच्या... गाडीपायी," मी कसाबसा म्हणालो.

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत ती माझ्यावर चिडलेली मी पुष्कळदा पाहिली होती, माझ्यासाठी घाबरलेली पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाबांना सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी कशाला सांगू? उद्या सकाळी ते स्वतःच येतायत. तुमचं ते 'ताजीतवानी' ऐकून त्यांनी तिकीट काढलं."

रविवारी सकाळी फोन वाजला नाही, घंटा वाजली. सासरे बूट न काढता थेट गॅरेजकडे निघाले. मागून मी. माझी पाचावर धारण बसली होती. आत शिरल्यावर त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही, आधी पत्र्याकडे पाहिलं. मग पिशवीतून दोन तापमापकांची पट्टी काढली, त्यांतल्या एकाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. ती हातात धरून ते बराच वेळ हलवत उभे राहिले. टप्, टप् सोडून कसलाही आवाज नव्हता.

"अठ्ठ्याण्णव टक्के," ते म्हणाले. "जावईबापू, समुद्रकाठच्या केंद्रावर मी नऊ वर्षं काढली. तिथे इतकी आर्द्रता क्वचितच पाहिली. जाळ्या कुणी बंद केल्या?"

"मी."

"छप्पर का सोडलंत?"

"शिडीची भीती वाटते."

"आणि इथे कपडे कोण वाळत घालतं?"

"मी, बाबा," बायको म्हणाली.

"जागेचा छान उपयोग केलास हो बाळ," असं म्हणून ते पुन्हा माझ्याकडे वळले. "कपड्यांमधलं पाणी हवेत जातं. ती हवा बाहेर पडायला तुम्ही वाट ठेवली नाहीत. मग ती वर जाते, गार पत्र्याला टेकते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. गॅस जळला की त्याचीही वाफच होते. हीटर कुठे होता?"

हीटर बायकोने आदल्याच दिवशी परत केला होता. तरी त्यांना कळलं. फरशीवर त्याच्या चार पायांचे ठसे होते.

"माणूस मरतो अशाने," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्या एका वाक्यात मला बापाचा आवाज ऐकू आला.

मग चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. चिकटपट्टीचे सगळे थर सोलून काढले. खालून कोरडी हवा आत, वरून दमट हवा बाहेर. दोऱ्या अंगणात बांधल्या. सीट उन्हात ठेवली. शिडीवर चढून पत्र्याला तक्तेही त्यांनीच लावले. शिडी मी धरली होती, डोळे मिटून. शेवटी ते त्या गंजाच्या डागापाशी गुडघ्यावर बसले, नखाने खरवडून पाहिलं. मी श्वास रोखून उभा.

"वरवरचा आहे. घासला की जाईल."

मला अक्षरशः रडू आलं. पण पुढचं वाक्य यायचं होतं.

"आकडा उतरेपर्यंत मी मात्र इथेच राहतो."

गॅरेजच्या खिळ्याला एक वही टांगली गेली. वार, वेळ, आकडा, शेरा असे रकाने आखले गेले. सकाळी आणि संध्याकाळी आत जाऊन पट्टीवरचे आकडे वाचायचं काम माझ्याकडे आलं, मधल्या नोंदी ते स्वतः घेत. चार दिवसांत अठ्ठ्याण्णवाचे साठ झाले. थेंब थांबले, टप वाळला, मी माणसात आलो.

पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. दुपारी त्यांनी घेतलेला आकडा साठ, सकाळ-संध्याकाळचा माझा मात्र चौसष्ट. रोज. ते जेवतानाही ताटाशेजारी आकडेमोड करत. कुठेतरी एखादी फट राहिली असेल या धास्तीने मी भिंती चाचपून थकलो, दर वेळी आधीपेक्षा जास्त घाबरून आत जायचो. तीन दिवस त्यांनी सगळं तपासलं. चौथ्या दिवशी सकाळी मी आकडा वाचायला गेलो, तर गॅरेजला कुलूप. वही दारावर बाहेरून टांगलेली, आणि शेऱ्याच्या रकान्यात सासऱ्यांचं ठसठशीत अक्षर: "उरलेल्या ओलाव्याचं कारण सापडलं. जावई. आत येताच घाम फुटतो, धापा टाकतात. उपाय: बाहेर ठेवणे."