मयेकर कंट्रोलरांची चौकशीची खिडकी

आमच्या आळीतल्या मयेकर कंट्रोलरांच्या पडवीत एक खिडकी आहे. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी. तिला भिंतच नाही. तरी मधोमध लाकडी चौकट उभी करून तिला जाळी ठोकली आहे आणि जाळीत कमरेच्या उंचीवर हात जाईल एवढं भोक ठेवलं आहे. वर पाटी : 'चौकशी'. नवखा माणूस बाजूने वळसा घालून आत यायला बघतो, तेव्हा कंट्रोलर चष्म्यावरून बघत म्हणतात, "रांगेतून या." रांगेत तो एकटाच असतो.

तीस वर्षं बसस्टँडवर जिच्यामागे बसले त्या खिडकीवाचून करमेना, म्हणून निवृत्तीनंतर घरीच करून घेतलीन, असं आळीचं मत. माझंही तेच होतं.

दर रविवारी चारला तिथे आईबाप जमतात. कुणाचा मुलगा मोबाइलमधून मान वर करत नाही, कुणाची मुलगी खोलीची कडी काढत नाही. पद्धत अशी : पोर आत, कंट्रोलरांच्या शेजारच्या खुर्चीवर, हातात मयेकरकाकूंनी दिलेलं कोकम सरबत. आईबाप बाहेर, उभे. बोलायचं ते वाकून, भोकातून. आणि नुसतं विचारायचं. "ही चौकशीची खिडकी आहे, हितं घोषणा करायची नाय," हे ते प्रत्येकाला बजावतात. पोराने उत्तर दिलं तर दिलं. नाही दिलं तर कंट्रोलर स्टँडवरच्या आवाजात जाहीर करतात, "माहिती उपलब्ध नाय. आल्यावर कळवू. पुढचे या."

मी या सगळ्याला मनसोक्त हसत असे. मला तो अधिकार होता. मी शाळेत गणित शिकवतो आणि शाळेचा समुपदेशकही आहे. मुख्याध्यापकांनी ही जबाबदारी कुणाला द्यावी याचा विचार केला तेव्हा मी रजेवर होतो. त्यानंतर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिला दिवस उद्घाटनात गेला, दुसरा समारोपात. मध्ये जेवण चांगलं होतं. प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं आहे. कंट्रोलरांच्या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, हे मी स्टाफरूममध्ये वारंवार सांगत असे.

एकदा बंदरावरचे एक लाँचमालक मुलाला घेऊन आले. मुलगा मासेमारीचा मोसम सुरू झाला की आजारी पडायचा. बाप भोकाशी वाकून गरजला, "आमच्या सात पिढ्या दर्यात गेल्या..."

"घोषणा," कंट्रोलर म्हणाले. "विचारा काय तां."

बाप खूप वेळ घुटमळला. विचारायची सवय नव्हती. शेवटी म्हणाला, "तुला होतां काय रे?"

"बाबा, मला बोट लागते," आतून पोरगा म्हणाला.

बापाने पहिल्यांदा इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. सगळ्या आळीने ऐकलं होतं. तो मुलगा आता धक्क्यावर बर्फाचं आणि डिझेलचं बघतो, आणि बाप त्याच्या हिशेबीपणाचं कौतुक लोकांना थांबवून सांगतो.

मग माझ्यावरच पाळी आली. माझी मुलगी मुग्धा. बारावीनंतर तिने इंजिनिअरिंगचा फॉर्म भरलाच नाही, त्यावरून मी बोललो आणि तिचं माझ्याशी बोलणं थांबलं. 'हो', 'नाही', 'जेवले' एवढ्यावर तीन आठवडे गेले. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं करून बघितलं. 'मी तुझा मित्र आहे' असंही म्हणालो. ती उठून आत गेली. घरातलं एकुलतं एक पोर जेवणाच्या टेबलावर समोर बसतं आणि पाहुण्यासारखं वागतं, तेव्हा काय वाटतं ते मी सांगत नाही. बायको म्हणाली, "प्रमाणपत्र राहू दे भिंतीवर. कंट्रोलरांकडे जा."

गेलो. मुग्धा आत बसली, मी वाकलो.

"तू अशी का वागतेस?"

"ही चौकशी नाय मास्तर, हा ओरडा," कंट्रोलर म्हणाले.

"पुढे काय ठरवलंयस?"

मुग्धा सरबतात बघत राहिली.

"माहिती उपलब्ध नाय. पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी आम्ही अर्धा तास लवकर पोहोचलो आणि फाटकातच थबकलो. कंट्रोलर खिडकीच्या बाहेर उभे होते. आमच्या बाजूला. कमरेत वाकून, एक हात चौकटीला टेकवून. आतल्या खुर्चीवर मोबाइल ठेवला होता, स्पीकर चालू.

"कसा आहेस?" त्यांनी भोकातून विचारलं.

फोनमधून काही आलं नाही. कंट्रोलर तसेच राहिले. मी मनात म्हटलं, आता घोषणा येणार. आली नाही. बऱ्याच वेळाने फोनमधून एका पुरुषाचा आवाज आला, "आज भात करपला."

"मग काय खाल्लंस?"

तो सांगत राहिला, हे ऐकत राहिले. भातात पाणी किती घालावं हेसुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

काकूंनी आम्हाला बघितलं आणि पायरीशी येऊन हळूच म्हणाल्या, "आमचा मंदार. पुण्याला असतो. घर सोडलान तेव्हा म्हणाला, बाबांशी बोलायचं म्हणजे स्टँडवरच्या खिडकीपुढे उभं राहायचं. दोन वर्षं फोन नव्हता. मग ह्यांनी ही खिडकी केलीन, नि स्वतः बाहेर उभे राहायला लागले. मोकळ्यावर बोलायला गेले की अजून घोषणाच येते हो तोंडात."

फोन संपला. कंट्रोलर सरळ झाले, आम्हाला बघून चष्मा काढून शर्टाला पुसू लागले. मला लाज वाटली, माझ्या हसण्याची. मुग्धा काही न बोलता आत गेली, मोबाइल उचलून तिने त्यांच्या हातात दिला आणि खुर्चीवर बसली.

मी वाकलो. आठवडाभर तयार केलेले चार प्रश्न होते; एकही विचारावासा वाटेना. तसाच राहिलो. आज कंट्रोलरांनीही माहिती उपलब्ध नसल्याचं जाहीर केलं नाही.

"बाबा," आतून मुग्धा म्हणाली, "पाठ धरेल तुझी. सरळ उभा राहा."

चार आठवड्यांतलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. मी वाकलेलाच राहिलो.