तुलनेसाठी दहा बेकार

सिंदीच्या कवडूचं लग्न कामावाचून अडलं होतं. "पोराले काम नाई तोवर पोरगी नाई," असं पंचफुलाचे वडील बापूराव यांनी सांगून टाकलं होतं.

सत्तावन्न साली योजना आली. बेकाराला कामावर ठेवणाऱ्या मालकाला अर्धी मजुरी सरकार देणार. गिरणीमालक वासुदेवरावांनी आपल्या तेलगिरणीत दहा जण घेतले. रांगेत कवडू अकरावा होता.

त्याला बोलावलं ते नागपूरहून आलेल्या मूल्यमापन अधिकारी महादेवरावांनी. योजनेनं फरक पडतो का, हे ठरवायला योजना न मिळालेले दहा बेकारही त्यांना हवे होते. तुलनेसाठी.

"काम काय करा लागन, साहेब?"

"काही नाही. तेच महत्त्वाचं आहे."

माणूस चोरून कामाला जात नाही याची खात्री हवी. म्हणून कवडूनं रोज दहा ते पाच कचेरीच्या व्हरांड्यात बसायचं, दोनदा सही करायची आणि आठ आणे भत्ता घ्यायचा. रविवारी सुट्टी.

कवडू धुतलेला सदरा घालून बेकार राहायला जाऊ लागला. महिन्याभरात गिरणीतले चौघे पळाले, तेव्हा वासुदेवराव त्याला न्यायला आले. साहेब आडवे आले.

"हा कामाला लागला तर माझा एक बेकार कमी होईल. वर काय कळवू?"

पुढे कवडूला ताप आला, तर रजेचा अर्ज द्यावा लागला.

सहा महिन्यांनी बापूराव स्वतःच कचेरीत चौकशीला आले.

"पोरगा काय करून राह्यला, साहेब?"

"बेकार आहे," साहेब अभिमानानं म्हणाले. "तापाचे दोन दिवस सोडले तर एक खाडा नाही. जिल्ह्यात असा बेकार सापडायचा नाही."

कवडूनं मान खाली घातली. पंचफुला गेली, असं त्यानं मनाशी धरलं.

बापूराव हजेरीपटावरून बोट फिरवत राहिले.

"आन् गिरणीतले?"

"ती योजना परवा बंद झाली. निधी संपला."

"मंग हे बी बंद?"

"छे. मूल्यमापनाला पाच वर्षांची मंजुरी आहे."

बापूरावांनी हजेरीपट मिटला आणि पहिल्यांदाच कवडूकडे जावयासारखं पाहिलं.

"मुहूर्त तं आता आपण पाहत नाई," ते म्हणाले. "लगन आइतवारीच धरू. पोराचा खाडा नोको पडाले."